एका कोअरवरचा रे ट्रेसर सगळ्या कोअरवर कसा न्यायचा

रे ट्रेसर, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारा प्रोग्रॅम, लिहून झाला, चित्र बरोबर येतंय, पण १९२० × १०८० ची एक फ्रेम निघायला ८० सेकंद लागतात. आठ कोअरच्या मशीनवर टास्क मॅनेजर जेमतेम १२-१३ टक्के सीपीयू दाखवतो. म्हणजे एक कोअर राबतोय आणि सात हातावर हात ठेवून बसलेत. अशा वेळी थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा, लावावेसे वाटणं साहजिक आहे. रे ट्रेसिंगमध्ये एका पिक्सेलचा हिशोब शेजारच्या पिक्सेलवर अवलंबून नसतो, त्यामुळे वाटून द्यायला इतकं सोपं काम क्वचितच मिळतं. तरीही पहिल्या फटक्यात बऱ्याचदा दोन-अडीचपटच वेग मिळतो, कधी तर प्रोग्रॅम आधीपेक्षा हळू चालतो. थ्रेड सुरू करणं दहा ओळींचं काम आहे. घोडं पेंड खातं ते थ्रेडमध्ये सामायिक राहिलेल्या गोष्टींपाशी: रँडम आकडे, काउंटर, मेमरी, पॉइंटरची मोजणी.

खालचं सगळं सी++ आणि फक्त सीपीयूवरच्या रेंडरिंगबद्दल आहे. रस्ट, सी शार्प, जावा यांत नावं बदलतील, तर्क तोच राहील. नेहमीच्या पायथॉनमध्ये मात्र एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवू शकतो. तिथे थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस लावाव्या लागतात.

थ्रेडला हात लावण्याआधी

ऑप्टिमायझेशन चालू ठेवून बिल्ड करा. जीसीसी-क्लँगमध्ये किमान ओ-टू पातळी, व्हिज्युअल स्टुडिओत रिलीज. डीबग बिल्डवर काढलेले आकडे काहीच सांगत नाहीत. तिथे मुळात इतका फालतू हिशोब चालू असतो की खरा अडथळा त्याखाली झाकला जातो.

मग बीव्हीएच, म्हणजे त्रिकोणांभोवती पेट्यांत पेट्या बसवून केलेलं झाड, आहे का ते बघा. प्रत्येक किरण दृश्यातल्या प्रत्येक त्रिकोणाशी तपासला जात असेल, तर लाखभर त्रिकोणांच्या दृश्यात आठ कोअर म्हणजे दर्यामे खसखस. पेट्यांचं झाड बांधलं की तोच किरण काही डझन पेट्या आणि मूठभर त्रिकोणांवर निभावतो. थ्रेड जास्तीत जास्त कोअरच्या संख्येइतका फायदा देतात, झाड त्याच्या कितीतरी पट देतं. आधी झाड.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि इथे भलेभले फसतात. सी मधलं क्लॉक हे फंक्शन लिनक्स आणि मॅकवर प्रोसेसने खर्चलेला सीपीयूचा वेळ देतं, म्हणजे सगळ्या थ्रेडची बेरीज. आठ थ्रेडनी दहा-दहा सेकंद काम केलं तर ते ८० सेकंदच सांगणार, आणि वेग आठपट झालेला असूनही तुम्ही कपाळाला हात लावून बसणार. विंडोजवर तेच फंक्शन प्रत्यक्ष गेलेला वेळ देतं, त्यामुळे एकाच कोडचे दोन मशीनवर दोन निकाल दिसतात. सी++ च्या क्रोनो लायब्ररीमधलं स्टेडी क्लॉक वापरा.

आणि एकूण वेळ न मोजता टप्प्याटप्प्याने मोजा: दृश्य वाचणं, बीव्हीएच बांधणं, रेंडर, टोन मॅपिंग (हिशोबातला उजेड पडद्याला झेपेल असा बसवणं), पीएनजी लिहिणं. या पाच आकड्यांशिवाय पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे.

काम वाटायचं कसं

सहज सुचणारी वाटणी म्हणजे चित्राचे आठ आडवे पट्टे, प्रत्येक थ्रेडला एक. ती करू नका. वरच्या पट्ट्यांत आकाश असतं, किरण कशालाच धडकत नाही आणि तो थ्रेड चुटकीसरशी मोकळा होतो. मधल्या पट्ट्यात काचेचा गोळा असला की एकेका किरणाच्या पुढे दहा-बारा उड्या होतात. फ्रेमला लागणारा वेळ हा सर्वांत संथ पट्ट्याचा वेळ असतो, सरासरीचा नव्हे. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीपासून किंवा ॲपलच्या एम मालिकेत सगळे कोअर सारख्या ताकदीचेही नसतात. काही वेगवान, काही वीज वाचवणारे. समान वाटणी तिथे दुप्पट अन्यायाची ठरते.

पंगतीत वाढपी जसे समोरचं पातेलं रिकामं झालं की पुढचं उचलतात, तसं करा. चित्राचे लहान चौकोन, म्हणजे टाइल पाडा आणि एक सामायिक अटॉमिक काउंटर ठेवा, म्हणजे ज्याचं वाचणं-बदलणं दुसरा थ्रेड मध्येच तोडू शकत नाही असा आकडा. जो थ्रेड मोकळा होईल तो पुढचा नंबर उचलेल.

```
अटॉमिक पुढची = ०
टाइल_आडव्या = (रुंदी + ३१) / ३२
टाइल_उभ्या  = (उंची + ३१) / ३२
एकूण = टाइल_आडव्या × टाइल_उभ्या

कामगार():
    सतत:
        क्र = पुढची.फेचॲड(१)
        जर क्र >= एकूण: परत जा
        क्ष० = (क्र % टाइल_आडव्या) × ३२
        य०  = (क्र / टाइल_आडव्या) × ३२
        क्ष१ = लहान(क्ष० + ३२, रुंदी)
        य१  = लहान(य० + ३२, उंची)
        य०..य१, क्ष०..क्ष१ हे पिक्सेल काढा
```

१९२० × १०८० ला ३२ ची टाइल धरली तर आडव्या ६० आणि उभ्या ३४, एकूण २,०४० टाइल होतात. १०८० ला ३२ ने पूर्ण भाग जात नाही. शेवटच्या ओळीतल्या टाइल फक्त २४ पिक्सेल उंच असतात, म्हणूनच वरचं "लहान". ते विसरलात तर प्रोग्रॅम बफरच्या बाहेर लिहितो आणि लगेच क्रॅश होईलच असं नाही. तो पुढे भलतीकडेच, मेमरी सोडताना कोसळतो.

फेच-ॲड एकाच दमात जुनी किंमत वाचून एक मिळवतो, त्यामुळे दोन थ्रेडना एक नंबर मिळत नाही. "आधी वाचा, मग वाढवा" असं दोन ओळींत लिहिलंत, तर काउंटर अटॉमिक असूनही दोन थ्रेड एकच टाइल काढतील. म्यूटेक्सची, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या लॉकची, इथे गरज नाही. मेमरी ऑर्डर (थ्रेडना एकमेकांचं लिखाण कोणत्या क्रमाने दिसेल याचा नियम) रिलॅक्स्ड, म्हणजे सर्वांत सैल, ठेवली तरी चालते, कारण पिक्सेल आपण सगळे थ्रेड जॉइन झाल्यावरच, म्हणजे ते संपेपर्यंत थांबूनच, वाचतो आणि जॉइन तेवढी खात्री देतो.

टाइल केवढी असावी यावर फार डोकं लढवू नका, १६ ते ६४ मध्ये कुठेही ठीक. फार मोठी मात्र नको. २५६ ची टाइल घेतली तर आठ आडव्या, पाच उभ्या, म्हणजे चाळीसच तुकडे होतात आणि शेवटी एक थ्रेड काचेच्या गोळ्यावर घाम गाळत असताना बाकीचे सात रिकामे बसतात. एकेक पिक्सेल हे दुसरं टोक. वीस लाख वेळा सगळे कोअर एकाच काउंटरसाठी झगडतात आणि शेजारच्या किरणांना तीच मेमरी लागण्याचा कॅशेला (कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीला) होणारा फायदाही जातो.

थ्रेड किती? प्रमाण लायब्ररीतलं हार्डवेअर कन्करन्सी विचारा. ते शून्य देऊ शकतं हे लक्षात ठेवा, तेव्हा शून्य आलं तर ४ धरा. त्यातून एक कमी इतके थ्रेड सुरू करा आणि कामगार हेच फंक्शन मुख्य थ्रेडवरूनही बोलवा, म्हणजे तो नुसता वाट बघत बसत नाही. प्रत्येक टाइलसाठी नवा थ्रेड करू नका. थ्रेड एकदाच सुरू होतात, फ्रेम संपली की जॉइन होतात. ॲनिमेशन असेल तर तेच थ्रेड पुढच्या फ्रेमला वापरा.

कोसळण्याची तीन ठरलेली ठिकाणं आहेत. जॉइन न करता थ्रेडचा ऑब्जेक्ट नष्ट झाला की सी++ थेट टर्मिनेट बोलावतं. थ्रेडच्या आत फेकलेला एक्सेप्शन तिथेच पकडला नाही तरी तेच होतं, मुख्य थ्रेडमधल्या कॅचपर्यंत तो पोहोचत नाही. तिसरं ठिकाण स्टॅक. मॅकवर मुख्य थ्रेडला ८ एमबी स्टॅक मिळतो, पण नंतर काढलेल्या थ्रेडना फक्त ५१२ केबी. किरणाच्या उड्या रिकर्शनने लिहिल्या असतील आणि प्रत्येक पातळीवर मोठे स्थानिक ॲरे असतील, तर एका थ्रेडवर व्यवस्थित चालणारा कोड इथे मान टाकतो. रिकर्शनचं लूप करा, किंवा पीथ्रेडच्या ॲट्रिब्यूटमधून स्टॅक वाढवा. विंडोजवर हा आकडा सहसा १ एमबी असतो.

वेग कुठे गळतो

आता मुख्य भाग. टाइल लागल्या, सगळे कोअर १०० टक्के दिसतायत, तरी वेळ अपेक्षेइतका कमी होत नाही. सीपीयू १०० टक्के दिसणं म्हणजे काम होतंय असं नव्हे. एका कॅशे लाइनवरून, म्हणजे कॅशेत एका वेळी हलणाऱ्या छोट्या तुकड्यावरून, झगडणारा कोअरही १०० टक्केच दिसतो.

रँडपासून, म्हणजे रँडम आकडा देणाऱ्या फंक्शनपासून, सुरुवात करा. सी मधल्या रँडची स्थिती सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच असते. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ती लॉकने राखलेली आहे, त्यामुळे प्रत्येक नमुन्याला (पिक्सेलमागे सोडलेल्या एकेका किरणाला) सगळे थ्रेड एका दारापाशी रांग लावतात. रे ट्रेसर थ्रेड लावल्यावर हळू झाला तर पहिला संशय इथेच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत उलटं आहे. तिथे प्रत्येक थ्रेडची स्थिती वेगळी, पण सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, न दिल्यास सगळ्यांची सुरुवात एकाच आकड्यापासून होते. वेग मिळतो, पण थ्रेडना तेच ते आकडे मिळतात आणि चित्रातल्या दाण्यात नक्षी दिसायला लागते. मर्सेन ट्विस्टर या रँडम जनरेटरचा एक ग्लोबल ऑब्जेक्ट ठेवणं तर सरळ चूक, कारण त्याला लॉकही नसतो.

उपाय: पीसीजी किंवा झोरशिफ्टसारखा छोटा जनरेटर घ्या, त्याची स्थिती थ्रेडच्या स्टॅकवर ठेवा आणि सीड थ्रेडच्या नंबरावरून न देता पिक्सेलवरून द्या. य × रुंदी + क्ष, त्यात फ्रेमचा नंबर मिसळा आणि तो आकडा एका हॅशमधून (आकडा घुसळून टाकणाऱ्या फंक्शनमधून) काढा. हॅश न करता लागोपाठचे आकडे झोरशिफ्टला दिले तर शेजारच्या पिक्सेलचे पहिले काही नमुने एकमेकांसारखे निघतात. पिक्सेलवरून सीड देण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. कोणती टाइल कोणत्या थ्रेडला गेली याने फरक पडत नाही, चित्र दर वेळी बिट न् बिट तेच येतं. पुढे चाचणीला हे लागणार आहे.

दुसरा गुन्हेगार सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: शेअर्ड पॉइंटर, म्हणजे एका ऑब्जेक्टला किती जण धरून आहेत ते मोजत राहणारा पॉइंटर. किरण कुठे धडकला याच्या नोंदीत मटेरियलचा शेअर्ड पॉइंटर ठेवला की प्रत्येक धडकेला त्याची मोजणी एकने वाढते आणि एकने कमी होते, तीही अटॉमिक पद्धतीने. जमिनीला एकच मटेरियल असेल तर आठही कोअर त्याच एका आकड्यासाठी कॅशे लाइन एकमेकांकडून ओढत राहतात. जीसीसीच्या लायब्ररीत तर प्रोग्रॅम एकाच थ्रेडवर असताना ही मोजणी साध्या बेरजेने होते. त्यामुळे एका थ्रेडवर प्रोफाइल केलं तर हा खर्च दिसतच नाही आणि दुसरा थ्रेड लावला की उगवतो. रेंडर चालू असताना दृश्य बदलत नाही आणि त्याची मालकी मुख्य थ्रेडकडे असते, तेव्हा धडकेच्या नोंदीत साधा पॉइंटर किंवा मटेरियलचा नंबर ठेवा.

तिसरं, काउंटर. किती किरण सोडले ते मोजायला एक ग्लोबल अटॉमिक ठेवलात की दर किरणाला झगडा. "मग प्रत्येक थ्रेडला वेगळा" म्हणून आठ आकड्यांचा ॲरे केला, तर ६४ बिटांचे आठ आकडे म्हणजे नेमके ६४ बाइट. इंटेल-एएमडीवर कॅशे लाइन तेवढीच असते. ॲरे त्या सीमेवर बसला तर आठही आकडे एकाच लाइनवर, नाहीतर दोन लाइनवर. कागदावर वेगळे, हार्डवेअरला एकत्रच. यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात. सोपा मार्ग म्हणजे थ्रेडच्या स्थानिक चलात मोजा आणि काम संपताना एकदाच बेरीज करा.

फ्रेम बफरलाही हेच लागू, पण त्याचा त्रास कमी. चार बाइटचा पिक्सेल आणि ३२ ची टाइल म्हणजे टाइलची एक ओळ १२८ बाइट, नेमक्या दोन लाइन. बफर ६४ बाइटच्या सीमेवर सुरू होत असेल तर टाइल एकमेकांच्या लाइनला शिवत नाहीत. १९२० रुंदीची ओळ ७,६८० बाइटची, ६४ ने पूर्ण भाग जातो. १३६६ रुंदीला ५,४६४ येतात, भाग जात नाही. तिथे ओळ ५,५०४ बाइटची धरून शेवटी थोडी जागा रिकामी सोडा. तीन बाइटचा पिक्सेल ठेवलात तर टाइलची ओळ ९६ बाइट होते आणि सीमा लाइनच्या मधोमध पडते. दर पिक्सेलला शेकडो किरण असतील तर हा खर्च जाणवतही नाही. एकच किरण असेल तर जाणवेल.

उरलेलं थोडक्यात. रेंडरच्या लूपमध्ये न्यू किंवा वाढता व्हेक्टर नको. लागणारी जागा प्रत्येक थ्रेडने सुरुवातीला एकदाच घ्यावी. "४३ टक्के झालं" हे दर ओळीला छापू नका, कन्सोलला आतून लॉक असतं. मुख्य थ्रेडने त्याची टाइल संपल्यावर, आधीच्या छपाईला अर्धा सेकंद उलटला असेल तरच छापावं.

गाळणी वापरत असाल, म्हणजे एका नमुन्याचा रंग शेजारच्या पिक्सेलांतही मिसळत असाल, तर "आपले पिक्सेल आपणच लिहायचे" हा नियम टाइलच्या कडेला मोडतो. मग टाइलच्या सीमेवर बारीक रेघा दिसतात, आणि त्या दर वेळी जरा वेगळ्या असतात. अशा वेळी प्रत्येक टाइल गाळणीच्या त्रिज्येइतकी चारी बाजूंनी वाढवून वेगळ्या छोट्या बफरमध्ये काढा आणि नंतर मुख्य बफरमध्ये ठरलेल्या क्रमाने मिळवा. क्रम ठरलेलाच हवा. फ्लोटची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या बिटांत बदलते.

आकडे वाचायचे कसे

१, २, ४, ८ थ्रेडवर प्रत्येकी तीन वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. समजा ८० सेकंदांचे आठ थ्रेडवर २० झाले, म्हणजे चौपट. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब इथे उलटा लावता येतो: वेग = १ ÷ (स + (१ − स) ÷ ८), यात स म्हणजे वाटता न येणारा हिस्सा. वेग ४ ठेवला की स साधारण ०.१४३ येतो, म्हणजे ८० पैकी सुमारे ११.४ सेकंद. आता टप्प्यांचे पाच आकडे काढा. दृश्य वाचणं, बीव्हीएच आणि पीएनजी मिळून ११ सेकंद भरत असतील तर रेंडरचा लूप निर्दोष आहे आणि त्यात आणखी खोदू नका. बीव्हीएच वाटा. वरच्या तीन-चार पातळ्यांवर दोन फांद्या दोन थ्रेडना दिल्या की पुरे. हे टप्पे मिळून दोनच सेकंद घेत असतील, तर गळती रेंडरमध्येच आहे. वरची यादी पुन्हा तपासा. लिनक्सवर पर्फचं सी-टू-सी हे साधन कोणत्या कॅशे लाइनवरून झगडा चाललाय ते दाखवतं.

हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीचे, जोडथ्रेड म्हणजे नवे कोअर नव्हेत. आठ खऱ्या कोअरवर १६ थ्रेड लावून १६ पटीची अपेक्षा ठेवू नका. मेमरीची वाट बघण्यात वेळ जाणाऱ्या कोडला थोडी भर पडते, एवढंच. लॅपटॉपवर आणखी एक गंमत: सगळे कोअर तापले की घड्याळाचा वेग उतरतो. पहिली धाव चौथ्या धावेपेक्षा जलद दिसते आणि दोष कोडवर जातो. चार्जर लावून, मधे गार होऊ देऊन मोजा.

बरोबर चालतंय याची खात्री

एका थ्रेडवरचं चित्र आणि आठ थ्रेडवरचं चित्र बाइट न् बाइट ताडून बघा. पिक्सेलवरून सीड दिला असेल तर फरक शून्यच हवा. एका पिक्सेलचा फरकही "असेल काहीतरी" म्हणून सोडू नका. मग जीसीसी किंवा क्लँगचं थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन, लावून बिल्ड करा. त्याने प्रोग्रॅम पाच ते पंधरापट हळू होतो, म्हणून १६० × ९० चं छोटं चित्र आणि दर पिक्सेलला चारच किरण ठेवा. शर्यतीची चूक (दोन थ्रेड लॉकशिवाय एकाच जागी लिहिण्या-वाचण्याची) सापडायला मोठं चित्र लागत नाही.

खिडकीत चित्र उमटताना दाखवायचं असेल तर खिडकीशी बोलणं मुख्य थ्रेडवरूनच करा. मॅकवर तर दुसऱ्या थ्रेडवरून केलेलं चालतच नाही. इथे मुख्य थ्रेडने कामगार होऊ नये. पूर्ण झालेल्या टाइलचे नंबर त्याच्याकडे एका रांगेतून पाठवा, त्याने तेवढाच भाग कॉपी करावा. ही रांग लॉकने राखलेली असली तरी बिघडत नाही, फ्रेममागे दोन हजार वेळा लॉक घेणं काहीच नाही. "रद्द करा" बटणासाठी एक अटॉमिक झेंडा ठेवा आणि प्रत्येक थ्रेडने तो टाइलमधल्या दर ओळीला बघावा. दर किरणाला बघायची गरज नाही.

रे ट्रेसर नसून त्रिकोण रंगवणारा सॉफ्टवेअर रास्टरायझर असेल, तर वाटणीचा विचार थोडा बदलतो. त्रिकोण थ्रेडमध्ये वाटले की दोन थ्रेड एकाच पिक्सेलच्या खोलीवर लिहायला जातात. त्याऐवजी आधी प्रत्येक त्रिकोण कोणकोणत्या टाइलला शिवतो त्याच्या याद्या करा, मग एक टाइल एकाच थ्रेडला द्या. त्याने आपली यादी मूळ क्रमाने रंगवावी, म्हणजे पारदर्शक त्रिकोणही बरोबर एकावर एक बसतात आणि खोलीच्या बफरला लॉक लागत नाही. इथे टाइल ६४ ची चांगली. फार लहान केली तर मोठा त्रिकोण शेकडो याद्यांत जाऊन बसतो.

आणि सलग फ्रेम काढायच्या असतील तर पीएनजी लिहिण्याचा वेळ झाकता येतो. दोन बफर ठेवा. एका बफरमध्ये पुढची फ्रेम निघत असताना वेगळा एक थ्रेड दुसऱ्यातली मागची फ्रेम दाबून डिस्कवर लिहील. चार फ्लोटच्या पिक्सेलला १६ बाइट धरले तर १९२० × १०८० चा एक बफर सुमारे ३३ एमबीचा होतो, तेव्हा दोन परवडतात. फक्त लिहिणं पूर्ण झाल्याशिवाय तो बफर पुन्हा रेंडरला देऊ नका, नाहीतर फाइलमध्ये वरचा अर्धा भाग एका फ्रेमचा आणि खालचा दुसऱ्या फ्रेमचा निघेल.